‘ओरेट’ कुठे लिहायचं आणि कुठे अजिबात नाही: भाषणांबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

भाषणाची बातमी, व्याख्यानमालेचं निमंत्रण, पाहुण्यांचा परिचय नाहीतर स्वतःचा बायोडेटा, यातलं काहीतरी इंग्रजीत लिहायची वेळ आली की ‘स्पीच’ हा शब्द तीन-चारदा वापरून होतो आणि मग गाडी अडते. राइट क्लिक करून सिनॉनिम बघितले की तिथे ‘ओरेट’ दिसतं, स्पेलिंग ओ-आर-ए-टी-ई. ओरेटर म्हणजे वक्ता, ओरेशन म्हणजे मोठं भाषण, मग ओरेट म्हणजे भाषण करणे, हिशोब एकदम सरळ वाटतो, शब्द छोटा आहे, भारदस्त आहे, लोक लिहून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो. इंग्रजीत ओरेटर म्हणवून घ्यायला कुणाची हरकत नसते, पण ‘ही ओरेटेड’ असं आपल्याबद्दल छापून आलं तर चांगला वक्ता दुखावतो, कारण त्या क्रियापदात बहुतेक वेळा एक टोमणा असतो.

मी मराठी भाषणं इंग्रजीत न्यायचं काम बरीच वर्षं करतेय, बातम्या, पत्रकं, मानपत्रं सगळं, आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवीन आलेल्या मुलामुलींच्या मजकुरात किंवा मंडळांच्या निमंत्रणात हा शब्द परत परत समोर येतो. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

आधी हाताशी काय काय हवं

– एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन डिक्शनरी. ऑक्सफर्डची लर्नर्सवाली आणि मेरियम-वेबस्टर, दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात.
– मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१ चा आहे, दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. जुना आहे पण मराठी क्रियापदांच्या छटा त्यात फार बारकाईनं दिल्यात.
– कोका (सी-ओ-सी-ए) नावाचा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस, म्हणजे लेखनाचा मोठा साठा. शब्द टाकला की खऱ्या लेखनातली वाक्यं समोर येतात. अकाउंट काढावं लागतं, साधं अकाउंट फुकट मिळतं.
– भाषणाचं रेकॉर्डिंग किंवा निदान सभेला हजर असलेला एक माणूस. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात.

१. इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी क्रियापद पक्कं करा

इंग्रजीचं टेन्शन बाजूला ठेवा आणि सभेहून परत आलेला माणूस घरी काय सांगेल ते आठवा. ‘साहेबांनी भाषण केलं’ म्हणेल, ‘साहेबांनी भाषण ठोकलं’ म्हणेल, की ‘साहेबांनी सभा गाजवली’ म्हणेल? तिन्ही वाक्यांत माणूस माइकसमोर उभं राहून बोललाय एवढंच सारखं आहे, बाकी सगळं वेगळं.

‘भाषण केलं’मध्ये सांगणाऱ्याचं मत नाही. ‘सभा गाजवली’मध्ये कौतुक आहे, लोकांनी टाळ्या वाजवल्या हे त्यात आलंच. आणि ‘ठोकलं’, ‘झोडलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं की भाषण लांबलं, आवाज चढला, शब्द मोठे होते आणि सांगणारा कंटाळला होता.

ओरेट जवळजवळ नेमकं ‘ठोकलं’च्या खुर्चीवर बसतं. म्हणून माझा नियम साधा आहे. मराठीत जिथे तुम्ही ‘भाषण ठोकलं’ किंवा ‘व्याख्यान झोडलं’ लिहिलं असतं तिथेच ओरेटचा विचार करा. गोखल्यांनी १९०२ साली इंपिरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये अर्थसंकल्पावर भाषण केलं, तिथे ‘ठोकलं’ लिहायला हात धजावणार नाही, मग इंग्रजीतही ‘गोखले ओरेटेड’ होत नाही. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शिवाजी पार्कवर सभा गाजवल्या, तिथेही ओरेट नको, ‘हेल्ड द क्राउड स्पेलबाउंड’, म्हणजे लोकांना खिळवून ठेवलं, याच्या जवळपासचं काहीतरी हवं. आणि गल्लीतल्या उद्घाटनाला पाहुणे पाऊण तास स्वतःच्याच कार्याबद्दल बोलत राहिले, मुलं उन्हात उभी, तर तिथे ओरेट चपखल बसतं.

एक अडचण येते ती ‘भाषण दिलं’ची. हिंदीच्या नादानं हल्ली मराठीतही सर्रास ‘भाषण दिलं’ लिहितात. त्याचं इंग्रजी ‘गेव्ह अ स्पीच’, एवढंच. त्यात ओरेट शोधत बसू नका.

२. शब्दाचा इतिहास एकदा वाचून घ्या

ही पायरी गाळावीशी वाटते पण गाळू नका, टोमणा कुठून आला ते इथेच कळतं आणि एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

मूळ लॅटिन क्रियापद ‘ओरारे’, म्हणजे बोलणं, विनवणं, प्रार्थना करणं. ओरेटर आणि ओरेशन हे शब्द त्यातून इंग्रजीत फार आधीच आले आणि मानानं राहिले. ओरेट १६०० च्या सुमारास एकदा येऊन गेलेलं दिसतं, पण तेव्हा त्याचा अर्थ विनवणीच्या, प्रार्थनेच्या बाजूचा होता आणि ते फारसं रुळलं नाही. आज आपण बघतो ते ‘भाषण करणे’वालं ओरेट १८६० च्या आसपास अमेरिकेत घडलं, आणि ते उलट्या दिशेनं घडलं. आधी ओरेशन हे नाम होतं, त्याची शेपटी कापून लोकांनी क्रियापद बनवलं. इंग्रजीत असे शब्द खूप आहेत. एडिटरवरून एडिट, बर्गलरवरून बर्गल, डोनेशनवरून डोनेट, एन्थुझिअ‍ॅझमवरून एन्थ्यूज, टेलिव्हिजनवरून टेलिव्हाइज, इमोशनवरून इमोट.

असे कापून बनवलेले शब्द सुरुवातीला जाणकारांना खटकतात. एडिट आणि डोनेट पुढे इतके रुळले की आज कुणाला शंकाही येत नाही. एन्थ्यूजवर अजून काही संपादक नाक मुरडतात. इमोट आणि ओरेट मात्र गंमत म्हणून, चेष्टेच्या सुरात वापरले गेले आणि तो सूर त्यांना कायमचा चिकटला. इमोट म्हणजे भावना व्यक्त करणे असं डिक्शनरी सांगेल, पण नटाबद्दल लिहिलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ओव्हरअ‍ॅक्टिंग करतोय’ असा निघतो. ओरेटचं तसंच आहे.

आता तो काळ बघा. अमेरिकेत तेव्हा लांबलचक भाषण ऐकणं हा सार्वजनिक सोहळ्याचा भागच होता. बोस्टनमध्ये १७८३ पासून दर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, शहरातर्फे ओरेशन होत आलंय. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गला यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समर्पण सोहळा झाला, त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ओरेशन’ त्या काळचे नावाजलेले वक्ते एडवर्ड एव्हरेट यांच्या नावावर होतं, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या नावापुढे फक्त ‘डेडिकेटरी रिमार्क्स’, म्हणजे समर्पणाचे दोन शब्द. एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. लिंकन दोनेक मिनिटं, साधारण २७० शब्द. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी स्वतः लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत कार्यक्रमाच्या गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितकं मला दोन तासांत जमलं असतं तर मी खूश झालो असतो. मोठ्या मनाचा माणूस होता, आणि त्यांच्या भाषणाला त्या वेळी कुणी वाईटही म्हटलेलं नाही सरसकट, पण पुढे लोकांची आवड छोट्या, साध्या भाषणांकडे वळली आणि लांब, अलंकारिक बोलण्याबद्दल जी थट्टा साठत गेली ती ‘ओरेट’मध्ये जाऊन बसली. नाम मानाचं राहिलं, क्रियापद चेष्टेचं झालं.

३. डिक्शनरीत अर्थाच्या पुढचं वाचा

बहुतेक जण पहिले चार शब्द वाचतात, ‘टु मेक अ स्पीच’, आणि विंडो बंद करतात. तिथेच थोडं पुढे ‘पॉम्पस’ हा शब्द दिसेल, म्हणजे बडेजावाचं, किंवा ‘अ‍ॅट लेंग्थ’ दिसेल. खरी माहिती त्यातच आहे. मग कोकावर जाऊन ‘ओरेटेड’ आणि ‘ओरेटिंग’ टाका आणि वीस-पंचवीस वाक्यं नुसती वाचा. शब्दाभोवती कोण माणसं आहेत, लेखक त्यांच्याकडे कसा बघतोय, ते दोन मिनिटांत लक्षात येईल. साधा अर्थ असलेली वाक्यंही मध्येमध्ये सापडतील, ती आहेतच, पण परक्या भाषेत लिहिताना अपवादावर भिस्त ठेवून पाहुण्याचा अपमान होण्याचा धोका का घ्यायचा.

४. एकाच कुळातल्या शब्दांची गल्लत टाळा

ओरेटर: वक्ता. मान आहे. ‘अमोघ वक्तृत्वाचे धनी’ वगैरे जे आपण निमंत्रणात लिहितो त्याला इंग्रजीत ‘अ गिफ्टेड ओरेटर’ एवढं पुरतं.

ओरेशन: औपचारिक, प्रसंगाचं मोठं भाषण. भारतात डॉक्टरांच्या कॉन्फरन्समध्ये कुणा ज्येष्ठांच्या नावे ‘मेमोरियल ओरेशन’ असतं, तो बहुमान समजला जातो. आता लक्ष द्या, तिथे ‘डॉक्टर अमुक डिलिव्हर्ड द ओरेशन’ असं लिहितात. ‘डॉक्टर अमुक ओरेटेड’ असं लिहीत नाहीत. नाम मानाचं असलं की क्रियापदही मानाचंच असणार हे गृहीत धरणं हा या विषयातला सगळ्यात मोठा सापळा आहे आणि वैद्यकीय परिषदांच्या अहवालांत मी तो सगळ्यात जास्त पाहिलाय.

ऑरेटरी: वक्तृत्वकला. पण याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ प्रार्थनास्थळ असाही आहे, आणि कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघालाही ऑरेटरी म्हणतात. गोव्याचे संत जोसेफ वाझ जुन्या गोव्यातल्या ऑरेटरीचे होते, ते वाचून कुणी ‘वक्तृत्व मंडळ’ असं भाषांतर केलं तर अर्थाचा अनर्थ. ओरारेचा प्रार्थनावाला अर्थ तिथे टिकून राहिलाय.

ऑरेटोरिओ: हा संगीताचा प्रकार, भाषणाशी संबंध नाही.

स्पेलचेकवरही विसंबू नका. ओरेटऐवजी चुकून ऑर्नेट टाइप झालं तर कळत नाही. ऑर्नेट म्हणजे नक्षीदार, त्यात एक एन जास्त, तो शब्द बरोबरच असल्यामुळे लाल रेघ येत नाही.

५. वाक्यात बसवायचं कसं

समजा पहिली पायरी पार झाली, तुम्हाला खरोखर ‘ठोकलं’च म्हणायचंय. तरी व्याकरण सांभाळा.

ओरेटला सहसा कर्म लागत नाही. ‘ओरेटेड अ स्पीच’ चुकीचं वाटतं, कारण भाषण त्या क्रियापदातच आलंय. ‘द स्पीच वॉज ओरेटेड बाय’ तर अजिबात नको. विषय सांगायचा तर ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’, श्रोते सांगायचे तर ‘टू’. ‘ही ओरेटेड दॅट द डॅम वुड बी कम्प्लीटेड’ असंही लिहू नका. माणूस नेमकं काय बोलला ते सांगायला ‘सेड’ आहे. ओरेट फक्त तो कसा बोलत होता तेवढं दाखवतं, म्हणून चालू काळात, ‘ही वॉज स्टिल ओरेटिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट’ अशा वाक्यात ते सगळ्यात सहज वाटतं.

उच्चार करायची वेळ आली तर ब्रिटिश लोक जोर शेवटावर देतात, ओ-रेट, अमेरिकन पहिल्यावरही देतात आणि दुसऱ्यावरही. दोन्ही चालतं.

६. शेजारची क्रियापदं ओळखून ठेवा

टोमणा मारायचाच असेल तरी टोमण्यांतही फरक असतो, आणि बरोबर शब्द सापडला की वाक्य आपोआप छोटं होतं.

ब्लोव्हिएट हा माझ्या मते सगळ्यात नेमका आहे. हा अस्सल अमेरिकन, ओहायोकडचा शब्द, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या छापील मजकुरात दिसायला लागतो. ‘ब्लो’ला लॅटिनसारखं शेपूट लावून केलेला. तो देशभर पोचला वॉरन हार्डिंग यांच्यामुळे. हार्डिंग ओहायोच्या मॅरियन गावच्या वर्तमानपत्राचे संपादक, पुढे सिनेटर, मग १९२१ ते १९२३ राष्ट्राध्यक्ष. हा शब्द त्यांच्या आवडीचा होता आणि त्यांच्या भाषणांवरच तो जाऊन बसला. विरोधी पक्षातले विल्यम मॅकअडू म्हणाले होते की हार्डिंग यांची भाषणं म्हणजे एखाद्या कल्पनेच्या शोधात मुलूखभर फिरणारी बड्या बड्या शब्दांची फौज. ब्लोव्हिएटचा अर्थ यापेक्षा चांगला सांगता येणार नाही. ओरेटमध्ये निदान काहीतरी थाट असतो, ब्लोव्हिएटमध्ये नुसती हवा. मराठीत ‘तोंडाची वाफ दवडणे’ जवळ जातं.

स्पीचिफाय: उठसूट भाषण करणे, प्रसंग असो नसो. लग्नात माइक हातात मिळाला की सोडत नाहीत त्यांच्यासाठी.

डिक्लेम: आवेशानं, नाटकी ढंगात म्हणणे. यात दोष असतोच असं नाही, कविता किंवा स्वगत डिक्लेम करता येतं.

पेरोरेट: मुळात भाषणाचा समारोप करणे, हल्ली लांबण लावणे. समारोपाच्या परिच्छेदाला पेरोरेशन म्हणतात ते नाम मात्र उपयोगाचं आहे, अभ्यासपूर्ण लेखात बिनधास्त वापरा.

हॅरांग: समोरच्याला झापत, सुनावत बोलणे. याला कर्म लागतं, ‘हॅरांग्ड द स्टाफ’.

पॉन्टिफिकेट: मलाच सगळं कळतं अशा थाटात उपदेश करणे, मूळ पोपशी जोडलेलं.

होल्ड फोर्थ: चार लोकांत रंगवून, लांबवून बोलत बसणे. यात टोमणा सौम्य आहे, कधी लाडही असतो. कट्ट्यावरच्या काकांसाठी उत्तम.

७. बातमी लिहिताय का? मग बहुतेक वेळा ‘सेड’

नवीन मुलांना ‘सेड’ची पुनरावृत्ती फार टोचते. म्हणून ओपाइन्ड, अ‍ॅव्हर्ड, थंडर्ड, क्विप्ड, एग्झॉर्टेड असे शब्द आलटून पालटून येतात आणि त्यांच्यात ओरेटेड शिरतो. वाचकाला ‘सेड’ दिसतही नाही, तो त्यावरून पुढे जातो, आणि बातमीत तेच हवं असतं. ओरेटेड लिहिलंत की तुम्ही बातमीत मत घातलंत. संपादकीय, स्तंभ, ललित, कथा, प्रवासवर्णन, तिथे मत तुमच्या नावावर असतं, तिथे जरूर वापरा. बातमीत भाषण खरंच लांबलं असेल तर ‘स्पोक फॉर नाइन्टी मिनिट्स’ लिहा, वाचक काय ते समजून घेतो.

दोन जोडीच्या चुका इथेच सांगून टाकते. ‘अ‍ॅड्रेस्ड टू द गॅदरिंग’मधला ‘टू’ काढा, अ‍ॅड्रेसला तो लागत नाही. आणि ‘एग्झॉर्टेड दॅट’ नसतं, कुणाला आवाहन केलं ते आधी येतं, ‘एग्झॉर्टेड द यूथ टू’.

८. निमंत्रण, परिचय, बायोडेटा: इथे ओरेट शून्य

हे सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय, कारण इथे बिचारी चांगल्या हेतूची माणसं फसतात. एका व्याख्यानमालेचं दुमडपत्रक माझ्याकडे आलं होतं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. वक्त्या निवृत्त प्राध्यापक, आयुष्यभर स्त्रीशिक्षणावर काम केलेल्या. मराठी बाजूला ‘सावित्रीबाई फुले यांच्या कार्यावर बोलतील’. इंग्रजी बाजूला त्यांच्या फोटोखाली, सुंदर टाइपात, ‘विल ओरेट ऑन द लाइफ अँड वर्क ऑफ’. ज्यांना इंग्रजीची सवय आहे त्यांना ते असं वाचायला मिळणार की बाई सावित्रीबाईंवर भाषण ठोकणार आहेत. छापायच्या आधी तो शब्द बदलता आला, ‘विल स्पीक ऑन’ केलं, काम झालं.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे व्याख्यान ही आपल्याकडे दीडशे वर्षांची सार्वजनिक सवय आहे, आणि आता परदेशातली महाराष्ट्र मंडळंही व्याख्यानं ठेवतात, तिथली पुढची पिढी निमंत्रण इंग्रजीतूनच वाचते. त्या निमंत्रणात बोलणाऱ्याची आब राखली जायलाच हवी. वापरायला सुरक्षित शब्द: ‘विल स्पीक ऑन’, ‘विल डिलिव्हर अ लेक्चर ऑन’, ‘विल गिव्ह अ टॉक ऑन’, मोठ्या औपचारिक सोहळ्यात ‘विल डिलिव्हर द कीनोट अ‍ॅड्रेस’.

बायोडेट्यात ‘ओरेटेड अ‍ॅट स्टेट लेव्हल’ लिहू नका. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आपण ‘एलोक्यूशन कॉम्पिटिशन’ म्हणतो, भारतात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या विद्यापीठाला अर्ज करताना एलोक्यूशनचा अर्थ तिकडे शुद्ध, स्पष्ट उच्चारांचं शिक्षण असा घेतला जाऊ शकतो. ‘पब्लिक स्पीकिंग कॉम्पिटिशन’ लिहा. ‘एक्स्टेम्पोर’ हेही नुसतं नाम म्हणून आपल्याकडेच चालतं, बाहेर ‘इम्प्रॉम्प्टू स्पीच’ पटकन कळेल. आणि सूत्रसंचालनाला ‘अँकरिंग’ लिहिलंत तर तुम्ही टीव्हीवर होतात असं वाटेल, ‘एमसीड’ किंवा ‘होस्टेड’ बरं.

९. पाठवण्याआधीची तपासणी

फाइलमध्ये सर्च उघडा आणि फक्त ‘ओरेट’ची चार अक्षरं टाका, शेवटचा ई सोडून, म्हणजे ओरेटेड, ओरेटिंग, ओरेटर, ऑरेटरी सगळं एकदम सापडतं. ‘कॉर्पोरेट’ आणि ‘इलॅबोरेट’ मध्ये येतील, ती सोडून द्या. जिथे क्रियापद आहे तिथे तात्पुरतं ‘स्पोक’ घालून वाक्य वाचा. काही हरवलं नाही असं वाटलं तर ‘स्पोक’च राहू द्या. काहीतरी हरवलं आणि ते हरवलेलं म्हणजे तुमचा राग किंवा वैताग असेल, तर तो इथे दाखवायचाय का ते ठरवा, आणि ठरलं की मग ओरेट बिनदिक्कत ठेवा, चांगला शब्द आहे तो.

वक्ते हयात असतील आणि मजकूर त्यांच्या सन्मानाचा असेल तर इंग्रजी मजकूर प्रेसला जाण्याआधी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. पीडीएफ नको, फोनवर अक्षरं बारीक दिसतात आणि ज्येष्ठ मंडळी न वाचताच ‘छान’ म्हणून पाठवतात. साधा टेक्स्ट मेसेज करा, नाहीतर फोन करून ते वाक्य वाचून दाखवा.